पवनचक्कीच्या बंदराला एवढ्या परवानग्या कशाला?

मागच्या अंकात मी कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट खाडीबद्दल दोन परिच्छेद खरडले होते, की समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी तिथे नवीन बंदर करायचं ठरलंय आणि त्यासाठी कबूल केलेले ४२ कोटी ६७ लाख डॉलर अमेरिकेच्या केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केले. मला वाटलं हे कोण वाचतंय, पण प्रश्न आले ते थेट रत्नागिरीपासून फ्रीमॉन्टपर्यंत, आणि एक पालघरहून आलाय तो तर मला जरा अडचणीत टाकणाराच आहे. सगळे घेता येणार नाहीत, पाच घेतलेत.

सर, पवनचक्की समुद्रात उभी करायची तर त्याला वेगळं बंदर कशाला? पार्ट जहाजात टाकले, नेले, जोडले, झालं. असलेलं बंदर वापरलं तर परवानग्यांचा घोळच नको.
सिव्हिल, तिसरं वर्ष, रत्नागिरी

अरे बाबा, सिव्हिलच्या पोराने हे विचारावं म्हणजे कमाल आहे, पण ठीक आहे, मीही नोकरीला लागेपर्यंत असंच समजत होतो.

आधी साइज बघ. आजच्या १५ मेगावॉटच्या टर्बाइनचं एक पातं ११५ मीटरच्या आसपास असतं, म्हणजे मुंबई लोकलचे पाच डबे एकमेकांना जोडून वर थोडं अजून. हे रस्त्याने वळणावळणाने नेता येत नाही, म्हणून ते बनवायचं किंवा उतरवायचं ते पाण्याच्या काठालाच. दुसरं म्हणजे खोली. समुद्र साधारण ६० मीटरपर्यंत खोल असेल तर तळात खांब ठोकून टर्बाइन उभं करतात, युरोपात आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तसंच चालतं. कॅलिफोर्नियाचा समुद्र मात्र किनारा सोडला की धाडकन खोल जातो, हम्बोल्टसमोरचे जे पट्टे डिसेंबर २०२२ च्या लिलावात गेले तिथे पाणी अर्ध्या किलोमीटरपेक्षा खोल आहे, मग खांब कुठला ठोकणार! तिथे तरंगता पाया लागतो, स्टीलचा किंवा काँक्रीटचा अवाढव्य तराफाच म्हण, तो बंदरात तयार करायचा, धक्क्याला लावून त्यावर टॉवर, मग पाती चढवायची, आणि अख्खी उभीच्या उभी पवनचक्की टगबोटींनी ओढत समुद्रात न्यायची.

म्हणजे धक्का असा हवा की त्यावर हजारो टनांचं वजन हलवता येईल, साध्या कंटेनरच्या धक्क्याचं काम नाही. मागे मोकळी सपाट जागा हवी शे-दोनशे एकर. आणि बंदरातून बाहेर पडायच्या वाटेवर डोक्यावर पूल नको. सॅन फ्रान्सिस्कोला बंदरं काय कमी आहेत का, पण बाहेर पडताना गोल्डन गेट पूल लागतो आणि त्याच्याखाली जेमतेम ६७ मीटर मोकळे, उभं टर्बाइन त्याच्या चौपट उंच. म्हणून नकाशावर बोट फिरवत फिरवत लोक हम्बोल्टला येऊन थांबतात. दक्षिणेला लाँग बीचनेही ४०० एकरांचा प्लॅन २०२३ मध्ये मांडलाय, पण तो समुद्रात भराव घालून करायचाय, त्याचा खर्च ऐकून मला घाम फुटला होता, ४७० कोटी डॉलर.

आम्ही उन्हाळ्यात रेडवूडची झाडं बघायला गेलो तेव्हा हम्बोल्ट खाडीवरच्या युरेका शहरात थांबलो. समोरच्या समोआ नावाच्या पट्ट्यावर जुन्या मिलची पडीक जागा आहे, ओसाड, गंजलेली. वारा तर असा की टोपी उडाली. तरी अजून एक वीट रचलेली नाही. इथे आल्यापासून ऐकतोय की अमेरिकेत कामं फास्ट होतात. नक्की अडलंय कुठे?
एक वाचक, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

तुम्ही जिथे उभे होतात ना, तिथेच सगळी गोष्ट आहे. ती जागा तुम्हाला एक दिसली, कायद्याला ती दोन दिसतात.

भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं तिथे एक रेषा आहे असं समजा. रेषेच्या वरची जमीन काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारकडे; काउंटीने स्वतःचा किनारा आराखडा करून राज्याकडून मंजूर करून घेतलेला असतो आणि त्यानुसार ती परवानगी देते. रेषेच्या खालचं पाणी, चिखल, धक्क्याचे खांब हे मात्र थेट कॅलिफोर्निया कोस्टल कमिशनकडे, म्हणजे किनारा सांभाळणाऱ्या राज्याच्या आयोगाकडे. आता बंदराचा धक्का म्हणजे अर्धा जमिनीवर अर्धा पाण्यात, एकाच क्रेनचा एक पाय काउंटीत आणि दुसरा कमिशनकडे. दोघांनी मिळून एकच परवानगी द्यायची सोय कायद्यात आहे, आणि २०२३ मध्ये एसबी २८६ नावाचा कायदा करून समुद्री पवनऊर्जेपुरता कमिशनने एकत्र परवाना द्यावा आणि पर्यावरण अहवालाचं मुख्य काम राज्याच्या लँड्स कमिशनने, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या आयोगाने, बघावं असं ठरवलंय. पण एक खिडकी म्हटलं की खिडकीमागचे टेबल कमी होतात असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

हे कमिशन प्रकरण मजेशीर आहे. १९७२ मध्ये लोकांनी मतदान करून ते आणलं, १९७६ च्या कोस्टल ॲक्टने कायमचं केलं. मत देणारे सभासद १२, त्यातले निम्मे स्थानिक निवडून आलेले. आणि कायद्यात पाण्यात भराव घालायला सरसकट मनाई नाहीये, हे फार जण चुकीचं सांगतात. ज्या धंद्याचं समुद्राशिवाय चालूच शकत नाही त्याला किनाऱ्यावर उलट प्राधान्य आहे, हॉटेल मागे आणि बंदर पुढे. फक्त भराव किंवा गाळ काढायचा असेल तर तुम्हाला दाखवून द्यावं लागतं की याहून कमी नुकसानीचा मार्ग नव्हता, आणि जे नुकसान होईल त्याची भरपाई कशी करणार. हे 'दाखवून देणं' आहे ना, वर्षं त्यातच जातात.

बरं, कमिशन झालं की संपलं का? पाण्यात बांधकाम म्हणून केंद्राच्या आर्मी कोअरची, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर खात्याची परवानगी, ती १८९९ च्या कायद्याने. भरावासाठी त्यांचीच अजून एक, क्लीन वॉटर ॲक्टखाली. पाण्याच्या दर्जाचा दाखला राज्याच्या प्रादेशिक जलमंडळाचा. मासे आणि पक्षी धोक्यात येणार का ते बघायला केंद्राची दोन वेगळी खाती. मग राज्याचा पर्यावरण अहवाल वेगळा आणि केंद्राचा वेगळा. आणि पाण्याखालची जी जमीन आहे, ती राज्याने विश्वस्त म्हणून स्थानिक हार्बर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथलं बंदर चालवणाऱ्या संस्थेच्या हवाली केलेली, म्हणजे लोकांच्या वतीने सांभाळायची, विकायची नाही.

त्या हार्बर डिस्ट्रिक्टने जून २०२३ मध्ये पर्यावरण अहवालाची पहिली सूचना काढली. साधारण १८० एकरांचा प्लॅन. आता गंमत बघा, राज्याचा अहवाल तपासून मंजूर करायची मुख्य जबाबदारी त्याच डिस्ट्रिक्टने घेतली (लँड्स कमिशनवाला एसबी २८६ त्यानंतर आला), म्हणजे ज्याचं बंदर त्याचाच शिक्का. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं. पण त्यांचे पाचही कमिशनर लोकांनी मत देऊन निवडलेले असतात, बंदर चालवायला निवडणूक! आपल्याकडे बंदराच्या बोर्डावर कोण बसतं हे गावातल्या किती जणांना ठाऊक असतं?

जागा ओसाड आहे म्हणालात, तर तीही बिनकटकटीची नाही. लाकडाच्या मिला चालल्या त्या काळात लाकूड टिकवायला जी रसायनं वापरली त्यांचं विष तिथल्या जुन्या गिरणीच्या जागांमधल्या माती-चिखलात बसलेलं आहे, तो गाळ उपसायचा म्हणजे ते पुन्हा पाण्यात. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर समुद्राची पातळी सगळ्यात जोरात वाढतेय ती इथेच, कारण इथे पाणी वर येतंय आणि जमीन खाली जातेय, दोन्ही एकदम. समोर समुद्रात कॅस्केडिया नावाचा भूकंपाचा पट्टा, जो शेवटचा २६ जानेवारी १७०० ला हलला आणि त्याच्या लाटा पार जपानपर्यंत गेल्या. धक्क्याची उंची किती ठेवायची हा प्रश्न तिथे इंजिनियरला झोपू देत नसेल.

आणि सगळ्यात जुना मालक अजून तिथेच आहे. खाडीत तुलुवॅट नावाचं बेट आहे, वियोट या तिथल्या मूळनिवासी लोकांचं पवित्र ठिकाण, २६ फेब्रुवारी १८६० च्या रात्री, त्यांचा जग पुन्हा नवं करायचा विधी चालू होता त्या दिवसांत, गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथे बायकापोरांची कत्तल केली. युरेका शहराने बेटाचा आपल्याकडचा मोठा भाग २०१९ मध्ये वियोट लोकांना परत केला. त्या बेटाच्या शेजारच्या पाण्यात तुम्ही बंदर करणार तर त्यांच्याशी बसून बोलणं राज्याच्या कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि नसतं तरी करायला हवंच होतं असं मी म्हणेन.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. अडलंय ते परवानग्यांवर, असं मला पूर्ण पटत नाही. परवानगी चालू होती, चाललीही असती. पैसा गेला. जानेवारी २०२४ मध्ये मिळालेलं अनुदान दीड वर्षात रद्द, एकूण १२ पवनऊर्जा प्रकल्पांचे ६७ कोटी ९० लाख डॉलर एका फटक्यात. राज्याने नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात पवनऊर्जेच्या बंदरांसाठी ४७ कोटी ५० लाख डॉलरचे रोखे मंजूर करून घेतलेत तेवढाच आधार, पण ते सगळ्या बंदरांत वाटायचेत.

पाण्यातल्या गवतासाठी म्हणे बंदर अडतं. हे जरा अति नाही का?
निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, अति वाटतं खरं. ते ईलग्रास म्हणून असतं, उथळ पाण्यात हिरव्या फितीसारखं डोलतं, त्याला उजेड लागतो म्हणून खोल पाण्यात ते जगत नाही. कॅलिफोर्नियात जेवढं आहे त्याचा फार मोठा हिस्सा एकट्या हम्बोल्ट खाडीत. चिंबोऱ्यांची पिल्लं त्यात लपून मोठी होतात, हेरिंग मासा त्यावर अंडी घालतो, ब्रँट नावाची छोटी बदकासारखी हंसं प्रवासात उतरून तेच खातात. आणि त्याच खाडीत कालवांची शेती चालते. म्हणजे गवत गेलं की कुणाच्या तरी ताटातलं गेलं.

मला इथे आवडलेली गोष्ट म्हणजे हिशोब. केंद्राच्या मत्स्य खात्याचं २०१४ चं धोरण असं सांगतं की जेवढं गवत जाईल त्याच्या १.२ पट शेवटी जगलेलं दाखवा. पण लावताना किती लावायचं? तर उत्तर कॅलिफोर्नियात आधीच्या लागवडी बऱ्याचशा फसल्या असल्यामुळे सुरुवातच ४.८२ पटीने करा म्हणतात. हा दशांश चिन्हानंतरचा आकडा पाहून मी हसलो होतो, मग लक्षात आलं की मागचं अपयश मोजून पुढच्याला लावलंय. आपल्याकडे २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम ठरवणाऱ्या अधिसूचनेत तिवरं तोडली तर किमान तिप्पट लावा असं आहे, आणि लावतातही, फोटोसकट. जगली किती हे मोजायला पाच वर्षांनी कोण जातं ते मला एकदा भेटायचंय.

साहेब, तुम्ही तिकडचं छान सांगता. आमच्या दारात वाढवण बंदर येतंय त्याचं बोला. आमची जाळी जिथे पडतात तिथे भराव. सुनावणीला गेलो, बोललो, पुढे काय झालं? तिकडच्या मच्छीमाराला तरी कुणी विचारतं का?
मच्छीमार सोसायटीचा सभासद, पालघर

दादा, वाढवण हे पवनचक्कीचं बंदर नाही, कंटेनरचं आहे, पण तुमचा प्रश्न सोडून पळायचं म्हणून हे सांगत नाहीये. योगायोग असा की १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची एकच बैठक झाली आणि तिथे दोन्ही मंजूर झाले, तुमचं वाढवण ७६,२२० कोटींचं आणि समुद्री पवनऊर्जेची ७,४५३ कोटींची योजना, ज्यात ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला ठेवलेत. तेव्हा आज तुम्हाला जे पडलेत ते प्रश्न उद्या पवनचक्कीच्या बंदराजवळच्या मच्छीमारालाही पडणार आहेत.

तुमच्या बाबतीत कायदा काही कच्चा नव्हता. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर, सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १९९६ मध्ये खास प्राधिकरण नेमलं, आणि त्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथे बंदर बसत नाही असं सांगून टाकलं होतं. मग जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून ना हरकत दिली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ ला, आणि पर्यावरण मंजुरी फेब्रुवारीत. मी ह्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत, सुनावणीत आलेल्या हरकती नुसत्या नीट वाचायच्या, त्यांना उत्तरं लिहायची, तर महिन्याहून कमी वेळ पुरतो यावर माझा विश्वास बसत नाही. हे माझं मत, मासिकाचं नाही.

तिकडे विचारतात का? विचारतात, पण भांडून मिळवलंय. समुद्रातले पट्टे लिलावात काढायच्या आधी केंद्राला राज्याच्या किनारा कायद्याशी जुळवून घ्यावं लागतं, १९७२ पासून तशी तरतूद आहे. त्या वेळी, एप्रिल २०२२ मध्ये, कोस्टल कमिशनने हो म्हणताना अटी घातल्या, त्यातली एक अशी की मच्छीमार, कंपन्या आणि सरकारी खाती यांचा एक गट बसवा आणि नुकसान टाळायचं कसं, उरलेलं भरून द्यायचं कसं, याची एकच पद्धत राज्यभरासाठी ठरवा. पुढे २०२३ च्या त्या एसबी २८६ मध्ये हा गट कायद्यातच घातला. म्हणजे दर कंपनीने दर गावात वेगळी चिल्लर वाटायची नाही, नियम आधी आणि जहाज नंतर. तरी तिथल्या चिंबोरीवाल्या बोटींचा राग गेलाय असं समजू नका, त्यांचं म्हणणं असं की पैसे घेऊन आम्ही काय करू, आम्हाला पाणी हवंय. हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटेल.

एक काम मात्र आत्ता करण्यासारखं आहे. सोसायटीत बसून तुमच्या जाळ्यांच्या जागा, कुठल्या महिन्यात कुठे, डोल कुठे, किती बोटी, हे नकाशावर उतरवून काढा, तारखेसकट, आणि मत्स्य विभागात पोचपावती घेऊन द्या. मी जेवढे अहवाल पाहिलेत त्यात मासेमारीचा धडा सगळ्यात पातळ असतो, कारण सर्व्हेवाला दोन दिवस येतो आणि बोटी नेमक्या बाहेर गेलेल्या असतात. कागदावर जे नसतं त्याची भरपाई मागणं कोर्टात सुद्धा अवघड जातं, तिथे नुसतं 'आजोबांपासून करतोय' हे पुरत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर खुणा केल्यात तरी चालेल.

कोकणात पण समुद्रात पवनचक्क्या येणार का? सिंधुदुर्गात आमची जागा आहे, बंदरासाठी घेतील का, भाव काय मिळेल?
एक वाचक, डोंबिवली

सध्या तरी जागा आंबे लावायला वापरा. केंद्राची योजना आहे ती गुजरात आणि तमिळनाडूसाठी, प्रत्येकी ५०० मेगावॉट, कारण वारा तिथे जास्त चांगला आणि समुद्र उथळ. खंबातच्या आखातात २०१७ मध्ये वारा मोजायचं लायडार यंत्र बसवलं, त्यावरून अंदाज घ्या की नुसता वारा मोजण्यापासून निविदेपर्यंत यायला किती वर्षं जातात.

आणि कुणी एजंट फोन करून सांगत असेल की समुद्री पवनऊर्जेचं बंदर येतंय, आत्ता जागा घ्या, तर त्याला एवढंच विचारा की भरतीरेषा कुठून जाते आणि आपला तुकडा सीआरझेडच्या कुठल्या वर्गात पडतो. मंजूर किनारा आराखड्याचे नकाशे जिल्हा प्रशासनाकडे बघायला मिळतात, गट नंबर घेऊन जा. माझ्या एका नातेवाइकाने असाच समुद्राला लागून तुकडा घेतला, बंदर येणार म्हणून, बंदर आलं नाही आणि पंप हाऊस बांधायला गेला तर कळलं की अर्धी जागा भरतीरेषेच्या आत आहे. आता दर पावसाळ्यात त्यात कुर्ल्या येतात, त्या तेवढ्या फुकट मिळतात.